ओरिजिनलचं खूळ

जुन्या टपालगाडीला ओरिजिनलच पार्ट लागला पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी बेहत्तर, असं माझं मत होतं. नुसतं होतं असं नाही, चारचौघांत मी ते ठासून मांडायचो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ज्यांच्यापुढे ते मांडलं ती मंडळी अजून भेटतात आणि भेटली की चिमटे काढतात. तेव्हा एकदा काय ते लिहूनच टाकावं म्हटलं.

गाडी म्हणजे मॉरिस मायनरची पाव टनी व्हॅन, १९५४ सालची, ब्रिटनच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या ताफ्यातली. मी मूळचा कोल्हापूरचा. टूलरूममध्ये काम करत करत बर्मिंगहॅमला आलो आणि इथलाच झालो. या गावात गल्लीगणिक कोणाच्या तरी गॅरेजात ताडपत्रीखाली काहीतरी जुनं झाकलेलं असतं. कोणाची ट्रायम्फ, कोणाची नॉर्टन. माझ्या वाट्याला ही लाल व्हॅन आली. खरं तर आली तेव्हा ती निळी होती, पण ते पुढे सांगतो.

ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांनी पाहिली. पुढे यांनीच मिनी केली. मायनरच्या सोळा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. व्हॅन आली १९५३ मध्ये. मोटारीला वेगळी चासी नव्हती, बॉडी हाच सांगाडा. व्हॅनला मात्र खाली स्वतंत्र चासी आणि वर केबिन. ब्रिटिश पोस्टाने ती शेकड्यांनी नव्हे, हजारांनी घेतली. टपालाच्या लाल, टेलिफोन खात्याच्या हिरव्या, टपावर शिडी बांधलेल्या. त्या काळी टेलिफोनही पोस्टाकडेच होते.

पोस्टाने सुरुवातीच्या गाड्या स्वतःच्या सोयीने बनवून घेतल्या होत्या. पुढची मडगार्ड पत्र्याची नाहीत, रबराची. अरुंद गल्ल्या, दर दहा पावलांवर थांबणं, घाई. मडगार्ड खांबाला घासणार हे ठरलेलंच. पत्रा चेपला तर ठोकायला पाठवा, रबर दबलं तर आपसूक पूर्ववत. मग दिवा रबरात कसा बसवायचा? म्हणून दिवे मडगार्डच्या वर वेगळे उभे केले. त्यामुळे या व्हॅनचा चेहरा बेडकासारखा दिसतो, डोळे वर काढलेला. आणि पुढची काच बाहेरच्या बाजूला उघडणारी. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये तो कुप्रसिद्ध धुरकट धुक्याचा आठवडा होऊन गेला होता. काच धुरकटली की उघडायची आणि थंडी सोसत समोर बघायचं, असा साधा हिशोब.

आता पार्टांचं. लोकांना वाटतं, सत्तर वर्षांच्या गाडीचं काहीच मिळत नसेल. उलट आहे. मायनरमधलं 'ए सीरिज' घराण्याचं इंजिन ऑस्टिनपासून मिनीपर्यंत सगळ्यांत होतं आणि मिनीबरोबर ते थेट २००० सालापर्यंत बनत होतं. गॅस्केट, बेअरिंग, पिस्टन, वॉटर पंप, सगळं आज मागवलं की परवा दारात. श्रीलंकेत तर मायनरचे पत्रे आणि इतर भाग खास इंग्लंडला पाठवण्यासाठी बनवले गेले. तिथल्या कारागिरांनी आयातबंदीच्या काळात याच गाड्या ठोकून-ठोकून चालत्या ठेवल्या होत्या, त्यामुळे हात तयार होता. मिळत नाही ते पोस्टाचं खास सामान: रबरी मडगार्ड, वरच्या दिव्यांच्या वाट्या, उघडणाऱ्या काचेची चौकट, तिच्या बिजागऱ्या आणि खटके, मागच्या दाराची कुलपं. आणि माझं सगळं वेड नेमकं तिथेच एकवटलं होतं.

हे वेड मला इंग्लंडने लावलं असं म्हणायला मी तयार नाही. ते मी गावाहून घेऊन आलो. आमच्या लहानपणी दुकानात पार्ट घेताना वडिलांचा पहिला प्रश्न असायचा, "ओरिजिनल आहे ना? डुप्लिकेट नको." दुकानदार शपथेवर ओरिजिनल म्हणायचा, वडील खोकं उलटंसुलटं करून बघायचे आणि तरीही घरी येईपर्यंत त्यांना शंका असायची. डुप्लिकेट म्हणजे फसवणूक, ओरिजिनल म्हणजे इमान, हे डोक्यात पक्कं बसलं. इथे आल्यावर त्याला इंग्रजी शिष्टपणाची जोड मिळाली. जुन्या गाड्यांच्या जत्रेत हातात कागद घेऊन फिरणारे, 'हा स्क्रू त्या वर्षी नव्हता' म्हणणारे जे लोक असतात, त्यांच्यात मी कधी जाऊन बसलो ते कळलंच नाही.

मी जमवायला लागलो. न वापरलेला जुना स्टॉक कुठे निघाला की मी हजर. कोणाच्या शेडमध्ये, बंद पडलेल्या वर्कशॉपच्या लिलावात, मैदानात चादर अंथरून बसलेल्यांकडे. मेणकागदात गुंडाळलेले, खोक्यावर पार्ट नंबर छापलेले भाग. सगळे लावले असंही नाही. 'पुढे लागेल' म्हणून माळ्यावर. त्यात एक रबरी मडगार्ड होतं, कधीही न चढवलेलं, उजव्या बाजूचं. ते मी जुन्या पडद्याच्या कापडात बांधून ठेवलं होतं. डावं मिळेपर्यंत दोन्ही लावायची नाहीत, जोडी जमली की एकदमच. तोवर गाडी ठोकळ्यांवर.

डावं मिळालं नाही. एक दिवस पाहुण्यांना दाखवायला म्हणून उजवं खाली काढलं. कापड सोडलं तर वरच्या वळणावर, जिथे ते घडीने टेकलं होतं तिथे, बारीक चिरांचं जाळं. अंगठ्याने दाबलं तर चीर उघडली आणि काळी भुकटी हाताला लागली. एक खांबही या मडगार्डला कधी घासला नव्हता, पावसाचा थेंब लागला नव्हता. रबर खराब व्हायला वापराची गरजच नाही, हवा पुरते. माळ्यावरची उन्हाळ्याची गरमी, थंडीतला गारठा, आणि एकाच घडीवर पडून राहिलेलं वजन. लोखंड ग्रीस लावून ठेवलं तर दोन पिढ्या टिकतं; रबराला साठवणीत आयुष्य नाही. टूलरूममध्ये जन्म गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. माहीत होतंच. पण माहीत असणं आणि हाताला काळं लागणं यांत फरक आहे.

तरी मत लगेच बदललं नाही. माणूस मत असं सहजी सोडत नाही. मी म्हटलं, रबर सोडा, बाकीचं तर खरं. आणि पत्र्याची जी मडगार्ड गाडीवर होती ती काढून टाकायच्या आधी म्हणून घासायला घेतली.

ही मडगार्ड माझ्या मते गाडीचा कलंक होती. पोस्टाने गाडी विकल्यावर कुणा बिल्डरने किंवा बेकरीवाल्याने रबर फाडून पत्रा ठोकला असणार, असं मी धरूनच चाललो होतो. पोस्टाच्या गाड्या निवृत्त झाल्या की लिलावात जायच्या आणि मग कसल्याही कामाला जुंपल्या जायच्या. माझी तशीच निळी झाली होती. ओल्या पॉलिश पेपरने घासत गेलो. वर निळा, ब्रशने मारलेला, केस अडकलेले. त्याखाली पांढरट. त्याखाली तपकिरी प्रायमर असेल असं वाटलं होतं, पण निघाला लाल. घासत राहिलो तर त्या लालाखाली आणखी एक लाल, किंचित गडद. दारावर जे दोन लाल थर होते, अगदी तेच. मडगार्डच्या आतल्या बाजूला, चिखलाच्या थराखाली, तोच लाल फवारा. म्हणजे हा पत्रा पोस्टानेच चढवला होता. गाडी नोकरीत असताना रबर गेलं, वर्कशॉपने पत्र्याचं मडगार्ड लावलं, रंग मारला, दुसऱ्या दिवशी गाडी पत्रं घेऊन गेली.

पोस्टाची स्वतःची वर्कशॉपं होती. तिथला फिटर सालाची शहानिशा करत बसणार नाही, हातात येईल तो बसणारा पार्ट लावणार आणि पुढची गाडी घेणार. मॉरिस बनवणारी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन तर पुन्हा बांधलेली इंजिनं सोनेरी रंग देऊन 'गोल्ड सील' म्हणून बदली द्यायची. जुनं द्या, हे घेऊन जा. ज्या अवस्थेत मी गाडी नेऊ पाहत होतो, म्हणजे कारखान्यातून निघालेल्या दिवसाची, त्या अवस्थेत ती कामाला लागल्यावर काही आठवडे तरी होती का, याची मला शंका आहे. मी जिला ओरिजिनल म्हणत होतो ती टपालगाडी नव्हतीच. ती अजून कामावर रुजू न झालेली व्हॅन होती.

याच सुमारास ब्रेकची गोष्ट घडली. चाकातला ब्रेक सिलिंडर मी जुन्या स्टॉकमधलाच लावला, खोकं न फोडलेलं. आजच्या कारखान्यात बनलेला नवा सिलिंडर त्याच्या निम्म्या किमतीत मिळत होता, पण नाही. दारातल्या दारात गाडी पुढे-मागे करताना पेडल हळूहळू खाली जायला लागलं. ड्रम काढला तर आत सगळं ओलं. आतला रबरी कप कडक होऊन त्याची कड गेली होती. रस्त्यावर असतो तर काय झालं असतं ते बायकोने मला तपशीलवार सांगितलं.

आणि मग कोल्हापूरची फेरी झाली. उघडणाऱ्या काचेला अडकवून धरायची एक पिन आणि तिच्यावरची दातेरी नट, एवढ्यासाठी माझी ती चौकट अडली होती. इथे शोधून थकलो होतो. नमुन्याला एक घासलेली जोडी होती ती खिशात टाकून नेली. मामांचं उद्यमनगरात लेथचं शेड आहे. शिवाजी उद्यमनगर ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो, की तेल इंजिनापासून ऊसाच्या चरकापर्यंत हवा तो भाग तिथे ओतून, वळून, घासून मिळतो, आणि जुन्या काळचे नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या कर्तबगारीच्या गोष्टी तिथला नवा पोरगाही ऐकवतो. इतकी वर्षं मी त्या गावचा असून पिन शोधायला इंग्लंडच्या मैदानांतून फिरत होतो.

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पिन बोटांत फिरवली, आट्याला गेज लावला. "२८ न्हाई. २६ हाईत. बीएसएफ." पाव इंची बोल्टला अमेरिकन बारीक आट्याचे इंचात २८ आटे आणि जुन्या ब्रिटिश बारीक आट्याचे २६. कोणीतरी आधी २८ ची नट जबरदस्तीने चढवली होती, म्हणून आटे गेले होते. हे मला दिसलं नव्हतं. मी घासलेली म्हणून बाजूला टाकली होती. मामांची लेथ इंची मापाची. गिअर बदलले, पितळेची कांडी धरली, आटे पाडले, नर्लिंग केलं, पार्टिंग टूलने कापली. कडेला हातानेच कानस फिरवली. चहा यायच्या आत दोन जोड्या माझ्या तळहातावर. नट पिनीवर फिरवली तर शेवटच्या आट्यापर्यंत हलक्या बोटाने गेली.

मी म्हटलं, "मामा, झकास झालंय. पण ओरिजिनल नव्हे."

मामा हात पुसत म्हणाले, "अरं भाच्या, ती पयली झाली तवा बी कुणीतरी लेथवरच वळली असंल न्हवं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

परत आल्यावर मी पत्र्याची मडगार्ड नीट करून, लाल रंगात, पुन्हा चढवली. पोस्टाने केलं होतं तसंच. मामांची पिन लावली, काच उघडते. ब्रेकचं सगळं रबर नव्या बनावटीचं. पुढच्या चाकाचे ट्रनियन नवे घेतले. हे मायनरचं जुनं दुखणं आहे: चाक ज्या आटेदार दांड्यावर वळतं त्याच्या टोकाचा हा तुकडा, ग्रीस वेळेवर नाही दिलं तर आटे झिजून एके दिवशी चाक कुशीवर झोपतं. इथे जुना स्टॉक वगैरे शोधणाऱ्याला आता मी खुळा म्हणतो. वळायची खूण दाखवायला या गाडीला खांबातून बाहेर येणारे हात होते, मायनरला ते १९६१ पर्यंत असायचे. ते ठेवलेत, चालतातही, पण जोडीला लुकलुकणारे दिवे बसवले. तो छोटा हात बाहेर आला की मागचा ड्रायव्हर कौतुकाने बघत बसतो आणि ब्रेक मारायचा विसरतो. चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मी तरीही दरसाल तपासून आणतो. पेडल खाली जाताना पायाला कळतं ते विसरता येत नाही.

म्हणून काहीही चालतं असं माझं मत झालेलं नाही. माझ्या जुन्या टोळीतले लोक तसं पसरवतात. रंगाच्या बाबतीत मी होतो तिथेच आहे: पोस्टाचा लाल ब्रिटिश प्रमाण यादीत ५३८ क्रमांकाचा आहे, तो मागितला की दुकानदार मिसळून देतो, मग फायर ब्रिगेडचा लाल मारायचं कारण काय? गाडीवरच्या, राणीच्या नावाच्या राजचिन्हाबाबतही. राणी एलिझाबेथच्या नावामागे 'दुसरी' लावायला स्कॉटलंडमध्ये कडाडून विरोध झाला होता, कारण पहिली एलिझाबेथ त्यांची राणी नव्हतीच. १९५३ मध्ये एडिनबरोला त्या चिन्हाची नवी टपालपेटी स्फोटाने उडवून दिली गेली. तेव्हापासून तिकडच्या टपालपेट्यांवर आणि गाड्यांवर नुसता स्कॉटिश मुकुट. ग्लासगोत चाललेल्या व्हॅनवर इंग्लंडचं चिन्ह चिकटवणं म्हणजे माहिती असून खोटं लिहिणं. साध्या बेकरीच्या व्हॅनला लाल रंग फासून 'पोस्टाची आहे' म्हणून चढ्या भावाने विकणारे तर मला आजही खपत नाहीत. लाल रंगवा, हौस करा, विकताना खरं सांगा.

आणि नवीन बनवलेल्या भागाबद्दल माझा एक आग्रह आहे, जो पूर्वी नव्हता: त्यावर साल ठोकावं. मामांच्या पिनीवर मी आतल्या बाजूला, दिसणार नाही असं, साल पंच केलं आहे. वडिलांना भीती फसवल्या जाण्याची होती. पार्ट नवा आहे हे पार्टच सांगत असेल तर फसवणूक उरत नाही, आणि डुप्लिकेट म्हणण्यासारखंही काही उरत नाही. पुढचा मालक बघेल आणि त्याला हवं ते ठरवेल.

संग्रहालयांचं मी वेगळं धरतो. लंडनचं पोस्टल म्युझियम किंवा त्यांचं डेबडनचं कोठार, तिथल्या गाड्यांना चालायचं नाहीये. तिथे फाटकं रबरसुद्धा पुरावा म्हणून जपावं, जपलंच पाहिजे. माझं चिरा गेलेलं उजवं मडगार्ड मी एका अभ्यासकाला देऊन टाकलं. त्याला साचा कसा होता ते मोजायचं होतं. माळा बराचसा रिकामा झाला आहे. ज्यांच्या गाड्या चालत्या आहेत त्यांना पार्ट दिले, काहींना पैसे घेऊन, काहींना तसेच. काही जण ते माळ्यावर ठेवतील, याची मला खात्री आहे.

जत्रेत आता माझी गाडी रांगेत पहिल्या नंबराला लागत नाही. रबरी मडगार्ड नाही म्हटल्यावर परीक्षक पुढे सरकतात. लहान मुलं टीव्हीवरच्या 'पोस्टमन पॅट'ची गाडी म्हणत दार उघडून आत चढतात, आणि मी पूर्वीसारखा ओरडत नाही. एका निवृत्त पोस्टमनने तिच्याभोवती फेरी मारली, मडगार्डवर टिचकी मारली, आणि एवढंच विचारलं, "चालते ना?" चालते. गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्याचा फ्रीज तिनेच वाहून नेला.

जाता जाता एक विनंती, खास महाराष्ट्रातल्या वाचकांना. मायनरच्या आधी ब्रिटिश पोस्टाकडे मॉरिसच्या 'झेड' व्हॅन होत्या. त्यांचं इंजिन ९१८ सीसीचं, साइड व्हॉल्व्ह, बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ९०. सुरुवातीच्या मायनरचंही तेच माप, आणि तीच मायनर हिंदुस्तान मोटर्सने आपल्याकडे 'बेबी हिंदुस्तान' म्हणून विकली. तिची मापं जुळत असल्यामुळे आतले काही भाग त्या व्हॅनना कामाला येतात. आजोबांची बेबी हिंदुस्तान कधीच भंगारात गेली असेल, पण माळ्यावर, गोठ्यात, बंद गॅरेजच्या फळीवर व्हॉल्व्ह, पिस्टन, जुनी गॅस्केट पडून असतील तर ती किलोवर विकू नका. जुन्या गाड्या चालवणारं कोणी तरी गाठा आणि देऊन टाका. रबराचे पार्ट मात्र कोणालाही देऊ नका, सरळ फेका.